फुटक्या टाइल्सचे मनोरे
काल साईटवर एका बिगारी पोराने विचारलं, "दादा, ह्या फुटक्या टाइल्स गोणीत भरून घरी कशाला नेता?"

मी फरशीकाम करतो. रविवारी त्याच तुकड्यांची चित्रं बनवतो. त्याला मग सायमन रोडिया सांगितला.

इटलीतून अमेरिकेत गेलेला बांधकाम मजूर, टाइल्स बसवणारा. 1921 साली लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात स्वतःच्या जागेत मनोरे उभारायला लागला. दिवसा लोकांची कामं, उरलेल्या वेळात हे. तब्बल 33 वर्षं, एकट्याने! सर्वांत उंच मनोरा जवळपास 30 मीटर.

परांची नाही, वेल्डिंग नाही. सळ्या वाकवायला रेल्वेचे रूळ. सळईभोवती तार आणि जाळी गुंडाळायची, वर सिमेंटचा माल थापायचा आणि ओला असतानाच बाटल्यांच्या काचा, शिंपले, टाइलचे तुकडे दाबायचे. चढायला खिडक्या पुसणाऱ्यांचा पट्टा.

पुढे हे मनोरे धोकादायक म्हणून पाडायचं ठरलं. 1959 साली चाचणी झाली. सुमारे 4,500 किलोच्या ताणालाही मनोरा पडला नाही. जाळी आणि मालाची ताकद अशी असते, हे आम्हा मिस्त्रींना वेगळं सांगायला नको.

माझं एवढं मोठं काही नाही. अंगणातला एक मोर, तोही अजून बिनपिसाऱ्याचा. थकलेल्या हातांनी रोज जमत नाही, म्हणून मी एका वेळी दोन वितींपुरताच माल कालवतो. जास्त कालवला की तुकडे बसायच्या आधीच तो घट्ट होतो.

कुणाला करून बघायचं असेल तर बिनधास्त विचारा. उत्तर रात्री आठनंतर मिळेल, दिवसभर हात मालात असतात.