उतारावरील मालमोटार आणि निष्कास ब्रेक

१६ टन वजनाची मालमोटार घाटात १०० मीटर उंची उतरते, तेव्हा मुक्त होणारी ऊर्जा २५ अंश सेल्सियस तापमानाचे सुमारे ५० लिटर पाणी उकळीस आणण्याइतकी असते. हा सर्व भार चाकांच्या ब्रेकांवर टाकल्यास ते तापत जातात व अखेरीस त्यांची पकड ढिली पडते. १९३१ साली अमेरिकन अभियंते क्लेसी कमिन्स डिझेल मालमोटारीतून कॅलिफोर्नियातील कॅहोन खिंड उतरत असता असेच घडले. पायथ्याशी रूळ ओलांडणाऱ्या मालगाडीशी होणारी टक्कर थोडक्यात टळली.

अशा वेळी खुद्द इंजिनालाच गतिरोधक बनविता येते. पेट्रोल इंजिनात आत येणारी हवा अडविणारी झडप असते. डिझेल इंजिनात ती बहुधा नसल्याने त्याचा स्वाभाविक रोध अल्प असतो. ही उणीव निष्कास ब्रेक भरून काढतो. धूर बाहेर नेणाऱ्या नळीत एक चपटी पाकळी बसवितात. चालकाने ती मिटताच इंधन बंद होते, वायू नळीत कोंडतो आणि दट्ट्याला प्रत्येक निष्कास धावेत त्या प्रतिदाबाविरुद्ध जोर करावा लागतो. हा जोर चाकांच्या गतीतूनच येत असल्याने वाहन मंदावते.

मग प्रतिदाब हवा तितका वाढवावा काय? तसे करता येत नाही. एका सिलिंडरमध्ये आदान धाव चालू असता आतील दाब कमी असतो. परंतु नळीतील दाब त्याच्या बंद निष्कास झडपेला मागून रेटीत असतो. झडपेचा व्यास ४ सेंटिमीटर व प्रतिदाब दर चौरस सेंटिमीटरला ४ किलोग्रॅम धरल्यास हा रेटा सुमारे ५० किलोग्रॅम भरतो. स्प्रिंग त्याहून दुबळी असेल, तर झडप उचलली जाते, पुन्हा बैठकीवर आपटते आणि दोहोंची हानी होते. म्हणूनच प्रत्येक इंजिनासाठी निर्माता कमाल प्रतिदाब ठरवून देतो. अनेक इंजिनांत तो ३ ते ५ किलोग्रॅमच्या दरम्यान असतो.

जुळणी करताना इंजिन व पाकळी यांच्यामधील नळीला दाबमापक जोडतात. टर्बो असल्यास तो टर्बोच्या अलीकडे, इंजिनाच्या बाजूस लावतात. वाहन गिअरमध्ये ठेवून, इंजिन निर्धारित कमाल वेगाने फिरत असता, पाकळी मिटून दाब वाचतात. दाब कमी भरल्यास सांध्यांतील गळती किंवा पुरती न मिटणारी पाकळी शोधावी लागते. तो अधिक भरल्यास पाकळीतील छिद्र वाढवितात किंवा तिचा थांबा-स्क्रू फिरवून थोडी फट ठेवितात. कोणता उपाय योजावयाचा, हे ब्रेकच्या रचनेवर अवलंबून असते.

वेग उतरला की छिद्रातून निसटणाऱ्या वायूमुळे दाबही उतरतो. म्हणूनच उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर घेऊन इंजिन वेगात ठेवणे इष्ट असते. निष्कास ब्रेक वाहनास पूर्णपणे थांबवीत नाही. चाकांचे ब्रेक थंड राखून ते ऐन गरजेच्या क्षणी उपयोगी पडावेत, हेच त्याचे कार्य होय.