दोन ग्रामनामावल्यांची तुलना : उणे आणि अधिक

बोलींच्या क्षेत्राभ्यासास आरंभ करताना अभ्यासकापुढे बहुधा दोन नामावल्या असतात : एक जुन्या कागदपत्रांतून उतरलेली, दुसरी अलीकडील शासकीय यादीवरून घेतलेली. संगणकावरील तक्त्यात त्या दोन स्तंभांत मांडून कोणते गाव गळले व कोणते नव्याने आले हे ठरवावयाचे असते. हे काम वरवर कारकुनी वाटते. परंतु येथे गळलेले गाव नमुन्यातूनही गळते, आणि तेथील बोलीची नोंद कायमची राहून जाते.

पनवेल तालुक्यातील नेरे परिसरातील ग्रामनामांच्या, उदाहरणादाखल रचलेल्या दोन लहान नामावल्या घेऊ. पहिलीत नेरें, मोर्बें, वाजें, दुंदरें, चिपळें; दुसरीत नेरे, मोरबे, वाजे, दुंदरे, मालडुंगे. दोहोंत पाच-पाच नावे आहेत. एकूण संख्या समान असल्याने नामावल्याही समान, हा निष्कर्ष किती फसवा आहे हे येथेच दिसते.

रूढ रीत अशी : तिसऱ्या स्तंभात ‘काउंटइफ’ या सूत्राने पहिल्या यादीतील प्रत्येक नाव दुसरीत किती वेळा आले ते मोजावे. शून्य आल्यास ते नाव दुसरीत नाही. मग हीच कृती उलट दिशेने करावी. कारण पहिली तपासणी केवळ ‘उणे’ दाखविते, ‘अधिक’ नव्हे. सूत्र खाली ओढताना शोधावयाच्या स्तंभाची कक्षा डॉलरचिन्हाने स्थिर करावी. ‘व्हीलुकअप’ वापरल्यास शेवटचे स्थान रिक्त ठेवू नये. तसे केल्यास संगणक तंतोतंत जुळणीऐवजी अदमासे जुळणी करतो.

ही रीत वरील यादीस लावल्यास पाच उणे आणि पाच अधिक असे उत्तर येते. गणित अचूक आहे. निष्कर्ष मात्र निरर्थक. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखनविषयक नियमांनी उच्चारात नसलेला अनुस्वार गाळला. ‘नेरें’ व ‘नेरे’ हे वाचकास एकच गाव होय. संगणकास मात्र त्या दोन भिन्न चिन्हमालिका होत.

म्हणून तुलनेपूर्वी मूळ स्तंभास हात न लावता शेजारी प्रमाणीकृत रूपाचा वेगळा स्तंभ करावा. त्यात केवळ अन्त्य अनुस्वार गाळावा. सरसकट सर्व अनुस्वार काढल्यास ‘दुंदरें’चे ‘दुदरे’ होईल आणि उच्चारातील खरा अनुनासिकही नष्ट होईल. मागेपुढे राहिलेली रिकामी जागा ‘ट्रिम’ने काढावी, परंतु इतर ठिकाणाहून उतरविलेल्या मजकुरातील न तुटणारी जागा त्याने जात नाही, ती स्वतंत्रपणे बदलावी लागते.

आता उणे दोन उरतात : मोर्बे व चिपळे, अधिक दोन : मोरबे व मालडुंगे. ‘मोर्बे’ आणि ‘मोरबे’ ही एकाच नामाची दोन लेखने होत. हा निर्णय सूत्राचा नव्हे, अभ्यासकाचा. म्हणून तो कारणासह वेगळ्या रकान्यात नोंदवावा. शेवटी खरा भेद एवढाच राहतो : चिपळे उणे, मालडुंगे अधिक.

उलट प्रकारचा दोषही संभवतो. नेरे नावाचे गाव पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातही आहे. अनेक तालुक्यांच्या याद्या एकत्र केल्यास दोन गावे एकच भासतील आणि खरी उणीव झाकली जाईल. अशा वेळी नावासोबत तालुका जोडावा, अथवा उपलब्ध असल्यास २०११ च्या जनगणनेतील सहा अंकी ग्रामसंकेतांक वापरावा. प्रत्येक नाव दोन्हीकडे किती वेळा आले, हेही ताडून पाहावे.

उरलेला भेदही लगेच चूक समजू नये. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका स्थापन झाली व काही गावे तिच्या हद्दीत गेली. अशी गावे पुढील ग्रामीण यादीत न आढळणे स्वाभाविक आहे. म्हणून तेथील भाषक नाहीसे होत नाहीत. तसेच एखादी वाडी मूळ महसुली गावाच्या नावाखाली सामावलेली असू शकते. सारांश, स्तंभांची तुलना केवळ न जुळलेली नावे पुढे ठेवते. ती का जुळली नाहीत हे सांगण्याचे दायित्व अभ्यासकाचेच राहते.