अतिवेगवान लघुपल्ला बिनतारी संदेशवहनातील समकालन : स्वरूप आणि मर्यादा

प्रस्तावना :
अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने २००२ मध्ये ३.१ ते १०.६ गिगाहर्ट्झ हा पट्टा अत्यल्प शक्तीच्या अल्ट्रावाइडबँड प्रक्षेपणासाठी खुला केला. त्यावर आधारलेल्या २००५ च्या एक्मा-३६८ या मानकाने काही मीटरांच्या पल्ल्यात सेकंदाला ४८० मेगाबिटपर्यंतचा वेग निश्चित केला. अशा वेगात प्रेषक व ग्राहक यांचा काळ आणि वारंवारिता जुळविणे, म्हणजेच समकालन, हा कळीचा प्रश्न ठरतो. प्रस्तुत लेखात या मानकाच्या आधारे त्याचे विवेचन केले आहे.

समकालनाचे टप्पे :
या मानकात एका सिम्बॉलचा कालावधी ३१२.५ नॅनोसेकंद आहे. प्रत्येक पॅकेटच्या आरंभी ग्राहकाला पूर्वज्ञात असलेल्या सिम्बॉलांची मालिका येते; तिला प्रीअँबल म्हणतात. ग्राहक येणारा संकेत या नमुन्याशी ताडून पाहतो आणि साधर्म्य सर्वाधिक असेल त्या क्षणावरून पॅकेटचा आरंभ ठरवितो. संकेत क्षीण असल्याने एखादा सिम्बॉल गोंगाटात बुडू शकतो. म्हणून या कामी २४ सिम्बॉल दिले आहेत.

दुसरा टप्पा वारंवारितेचा. प्रत्येक उपकरणाच्या आंदोलकात दशलक्षात २० भागांपर्यंत चूक ग्राह्य असल्याने दोहोंची तफावत ४० भागांपर्यंत जाऊ शकते. ४४८८ मेगाहर्ट्झवर ती सुमारे १८० किलोहर्ट्झ भरते आणि संकेताची कला, म्हणजे फेज, दर सिम्बॉलमागे सुमारे २० अंश फिरते. एकाच पट्ट्यातील समान सिम्बॉलांमधील कलाफरक मोजून ही चूक दुरुस्त करता येते. अखेरच्या ६ सिम्बॉलांवरून संदेशमार्गाचे गुणधर्म अजमावले जातात.

वेगाची किंमत :
अशा प्रकारे ३० सिम्बॉलांचे प्रीअँबल ९.३७५ मायक्रोसेकंद घेते. माहितीचा वेग वाढला तरी हा काळ घटत नाही. १०२४ बाइट माहितीस ५३.३ मेगाबिट वेगाने सुमारे १५४ मायक्रोसेकंद लागतात, तर ४८० मेगाबिट वेगाने केवळ १७. पहिल्या स्थितीत प्रीअँबल माहितीकाळाच्या सुमारे ६ टक्के असते; दुसऱ्या स्थितीत ते ५५ टक्क्यांवर जाते. यावर उपाय म्हणून लागोपाठच्या पॅकेटांसाठी १८ सिम्बॉलांच्या आखूड प्रीअँबलची सोय करण्यात आली. पहिल्या पॅकेटने साधलेला मेळ पुढेही बऱ्याच अंशी टिकतो, हे त्यामागील गृहीतक होय.

निष्कर्ष :
एक्मा-३६८ वर आधारलेली उपकरणे बाजारात फार काळ टिकली नाहीत. तथापि ज्ञात मालिकेद्वारे समकालन साधण्याचे तत्त्व कायम राहिले. ६० गिगाहर्ट्झवरील २०१२ च्या आयईईई ८०२.११एडी मानकात त्यासाठी गोले मालिकांची योजना आहे. तात्पर्य, घोषित वेग व प्रत्यक्ष पदरात पडणारा वेग यांतील अंतर समजण्यासाठी समकालनाचा काळ हिशेबात धरणे अपरिहार्य ठरते.