सतरंजीवरच्या माणसाची सभा

आपल्या वस्तीतली सभा कशी भरते, हे नागपूरकराला सांगावे लागत नाही. पत्रकावर सायंकाळी सातची वेळ असते. माईक सुरू होतो साडेआठला. समोर टेबल, त्यावर निळे कापड, मागे सहा-सात खुर्च्या. खाली सतरंजीवर पुढे बायाबापड्या, मागे तरुण पोरे आणि दारात, चपलांच्या ढिगाजवळ, कामावरून थेट आलेली माणसे. तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांना माल्यार्पण होते, त्रिशरण-पंचशील होते. मग पाहुण्यांचे सत्कार, प्रास्ताविक, प्रमुख वक्ते, विशेष अतिथी, अध्यक्षीय भाषण. दहा वाजून जातात. मग सूत्रसंचालक म्हणतो, "कुणाला काही विचारायचे असल्यास पाच मिनिटे आहेत." तोवर निम्म्या बाया घरी स्वयंपाकासाठी निघून गेलेल्या असतात. उरलेले घड्याळाकडे पाहत असतात. आभार मानले जातात आणि सभा संपते.

पण खरी सभा त्यानंतर भरते, बाहेर चहाच्या टपरीवर. विहाराच्या खोलीत अभ्यासिका का सुरू होत नाही, जयंतीच्या वर्गणीचा हिशेब कुठे आहे, वस्तीतली मुले व्यसनाकडे का वळताहेत, हे सगळे प्रश्न तिथे निघतात. तिथे कुणी अध्यक्ष नसतो, कुणाला हार नसतो. प्रत्येक जण बोलतो, ऐकतो, पटले नाही तर तोंडावर सांगतो. फक्त तिथल्या बोलण्याची कुठे नोंद होत नाही आणि तिथे बायका नसतात.

ही गोष्ट एकट्या आपल्या वस्तीची नाही. अमेरिकेतल्या हॅरिसन ओवेन नावाच्या गृहस्थांनी मोठ्या परिषदा भरवल्या आणि त्यांच्या लक्षात आले की, लोकांना खरा लाभ झाला तो चहापानाच्या सुट्टीत. म्हणून १९८५ पासून त्यांनी अशा परिषदा भरवायला सुरुवात केली, जिथे विषयपत्रिका आधी ठरलेली नसते. लोक गोल करून बसतात. ज्याच्या मनात विषय असेल तो उठून कागदावर लिहून भिंतीवर लावतो. ज्याला ज्या विषयात रस, तो त्या गटात जातो. मन रमले नाही तर उठून दुसऱ्या गटात जाण्याची मुभा असते. जे आले तेच योग्य लोक, असे त्यांचे एक सूत्र आहे.

पद्धत चांगली आहे. पण हे सूत्र आपल्या वस्तीत जसेच्या तसे घेता येत नाही. जे आले ते योग्य, हे खरे. पण जे आले नाहीत त्यांचे काय? रात्रपाळीचा सुरक्षारक्षक, चार घरची धुणीभांडी करून आठला घरी पोहोचणारी ताई, दुसऱ्याच्या मोटरसायकलवर बसल्याशिवाय येऊ न शकणारे म्हातारे आजोबा, हे आपल्या मर्जीने गैरहजर राहिलेले नसतात. सभेची वेळ आणि जागाच त्यांना बाहेर ठेवते.

दुसरा धोका त्याहून मोठा आहे. नेता नको, नियम नको, सगळे समान, असे म्हणून जी सभा भरते, तिच्यात सत्ता नाहीशी होत नाही, ती लपते. अमेरिकेतल्या स्त्रीमुक्ती चळवळीतील कार्यकर्त्या जो फ्रीमन यांनी १९७० च्या सुमारास आपल्याच गटांबद्दल हे परखडपणे लिहून ठेवले आहे. जिथे नियम उघड नसतात, तिथे एकमेकांचे मित्र असलेल्या चार-दोन जणांचा न लिहिलेला नियम चालतो आणि तो कुणाला बदलताही येत नाही. ज्या समाजाला हजारो वर्षे न लिहिलेल्या नियमांनीच गावाबाहेर ठेवले, त्याला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

संघाने काय केले होते?

मग लोकांनी आपणहून भरवलेली, लोकांनीच चालवलेली आणि तरीही नियमांनी बांधलेली सभा कशी असते? याचे उत्तर बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतल्या आपल्या अखेरच्या मोठ्या भाषणात देऊन ठेवले आहे. त्या भाषणातली विभूतिपूजेविरुद्धची सूचना आपल्याला पाठ असते. त्याच भाषणात त्यांनी सांगितले की, बौद्ध भिक्खू संघाला संसदीय कामकाजाचे नियम ठाऊक होते. बसण्याची व्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणसंख्या, मतमोजणी, गुप्त मतदान, निंदाव्यंजक ठराव, एकदा निकाली निघालेला विषय पुन्हा न उकरणे, या सगळ्यांचे नियम संघात होते. भारताने ही लोकशाही एकदा गमावली, ती दुसऱ्यांदा गमावणार काय, हा त्यांचा प्रश्न होता. तो दिल्लीच्या संसदेपुरता होता असे समजून आपण मोकळे झालो. आपल्या विहाराच्या सभेलाही तो लागू आहे, हे आपल्या ध्यानात आले नाही.

विनयपिटकात हे नियम तपशिलाने सापडतात. संघापुढे प्रस्ताव मांडायचा तर आधी त्याची सूचना द्यायची, तिला ञत्ति म्हणत. महत्त्वाच्या कामात सूचनेनंतर ठराव तीनदा उच्चारला जाई. ज्याला मान्य असेल त्याने गप्प राहावे, ज्याला मान्य नसेल त्याने बोलावे. एकदा विचारून "कुणाची हरकत नाही ना? मंजूर!" असे उरकण्याची सोय नव्हती. भित्र्या माणसाला धीर गोळा करायला तीन संधी होत्या.

आजारी भिक्खूसाठीचा नियम तर आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावा. जो येऊ शकत नाही त्याने आपली संमती दुसऱ्याबरोबर पाठवावी. तेही शक्य नसेल तर त्याला खाटेसह उचलून आणावे. हलवल्याने त्याचा आजार बळावणार असेल तर संघानेच त्याच्याकडे जाऊन काम करावे. त्याला वगळून काम उरकायला मात्र परवानगी नव्हती. अडीच हजार वर्षांपूर्वी संघ आजाऱ्याच्या खाटेपाशी जात होता आणि आपण धुणीभांडी करणाऱ्या ताईसाठी सभेची वेळ एक तास बदलत नाही.

मतभेद मिटला नाही तर शलाका, म्हणजे काड्या, वाटून बहुमत घेतले जाई. त्यात गुप्त पद्धतही होती. काड्या गोळा करणारा कोण असावा? जो पक्षपाताने, द्वेषाने, मोहाने किंवा भयाने वाकडा चालत नाही आणि कोणते मत घेतले गेले, कोणते नाही, हे ज्याला नीट कळते असा. वय, संपत्ती, वक्तृत्व यांचा त्यात उल्लेख नाही. आपण मात्र सभेचे सूत्र ज्याचा आवाज मोठा त्याच्या हाती देतो.

तथागतांच्या परिनिर्वाणानंतर सुमारे शंभर वर्षांनी वैशालीला दुसरी संगीती भरली. दहा मुद्द्यांवर वाद होता. भाषणांवर भाषणे होऊ लागली आणि कुणाच्या बोलण्याचा अर्थच लागेना. तेव्हा संघाने पूर्वेचे चार आणि पश्चिमेचे चार अशा आठ भिक्खूंची समिती नेमली. आसने मांडण्याची जबाबदारी अजित नावाच्या भिक्खूवर दिली. त्याच्या उपसंपदेला अवघी दहा वर्षे झाली होती. वाद ज्येष्ठांचा आणि बैठकीची व्यवस्था तरुणाकडे! आपल्याकडे तरुणांच्या वाट्याला सतरंजी अंथरणे येते, हे खरे. पण कोण कुठे बसेल, हे तो ठरवत नाही.

नागपूरच्या बायांनी काय केले होते?

हे सारे पालीतल्या पोथ्यांपुरते आहे, असे कुणी म्हणेल तर त्याने आपल्याच शहराकडे पाहावे. १९३७ साली नागपुरात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या अधिवेशनात जाईबाई चौधरी यांना जेवणासाठी वेगळे बसवण्यात आले. ज्या बाईने हमाली करत शिकून मुलींसाठी शाळा काढली, तिला स्त्रियांच्याच परिषदेत स्त्रियांच्या पंगतीत जागा नव्हती. पुढे २० जुलै १९४२ रोजी याच नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्ष होत्या सुलोचनाबाई डोंगरे. बाबासाहेब तिथे बोलले. पण ती परिषद त्यांचे भाषण ऐकून घरी गेली नाही. स्त्रियांनी ठराव मांडले, स्त्रियांनी अनुमोदन दिले. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वेत राबणाऱ्या स्त्रियांच्या रजा आणि सवलती, मुलींची वसतिगृहे, असे विषय त्यांनी स्वतः पुढे आणले. त्यातल्या कित्येक जणींना अक्षर येत नसेल. पण प्रस्ताव कसा मांडावा, हे त्यांनी करून दाखवले. ज्यांना दुसऱ्यांच्या पंगतीत जागा मिळाली नाही, त्यांनी स्वतःची सभा उभारली.

ती परंपरा अगदी तुटलेली नाही. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, वर्षावासात, इंदोरा, लष्करीबाग, इमामवाडा, कुठल्याही वस्तीतल्या विहारात संध्याकाळी डोकावून पाहा. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म'चे वाचन चाललेले असते. बहुतेक ठिकाणी ते बायाच चालवतात. आज एकीने वाचायचे, उद्या दुसरीने. अडले तर शेजारची सांगते. एखादी विचारते, "ताई, पण हे आपल्या घरी कसं लागू होते?" आणि बोलणे सुरू होते. कुणाचे घर, कुणाची सून, कुणाचा दारू पिणारा नवरा, सगळे त्या पुस्तकाच्या पानाला येऊन भिडते. तीन महिने चालणारी ही आपली सर्वांत लोकशाही सभा आहे. तिला ना बॅनर असतो, ना वर्तमानपत्रात बातमी. मात्र वर्षावासाच्या समारोपाला त्याच विहारात व्यासपीठ उभे राहते आणि तीन महिने वाचणाऱ्या बाया पुन्हा सतरंजीवर मुक्या बसतात. हे आपल्याला खटकत का नाही?

विचारले नाही तर काय होते?

सभा नीट न चालण्याची किंमत फक्त कंटाळ्याची नसते. दीक्षाभूमीवरच्या भूमिगत वाहनतळाच्या कामाविरुद्ध १ जुलै २०२४ रोजी जे घडले, ते सर्वांच्या समोर आहे. हजारो लोक जमले, संताप उसळला, कामाची मोडतोड झाली आणि त्याच दिवशी सरकारला विधानसभेत कामाला स्थगिती जाहीर करावी लागली. वाहनतळ हवा की नको, यावर दोन मते असू शकतात. पण ज्या भूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली, तिथली माती खोदण्याआधी वस्त्यावस्त्यांत बैठका व्हायला हव्या होत्या. नकाशा लोकांपुढे मांडायला हवा होता, स्तूपाला धोका आहे की नाही हे तीनदा विचारायला आणि तीनदा सांगायला हवे होते. आपल्याला विचारलेच नाही, ही भावना रस्त्यावर आली. ज्या लोकांना सभेत बोलायला जागा मिळत नाही, ते रस्त्यावर बोलतात. मग गुन्हे दाखल होतात ते पोरांवर.

चळवळीतल्या फाटाफुटीचे मूळही इथेच शोधावे लागेल. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाचे किती गट झाले, याची मोजदाद आता कुणी करत नाही. प्रत्येक फुटीची कारणे वेगळी सांगितली जातात. पण जिथे मतभेद सभेत मांडून, मोजून, नोंदवून पुढे जाण्याची सवय नाही, तिथे मतभेद असलेल्याला एकच वाट उरते, वेगळा फलक लावण्याची. अजातशत्रूच्या मंत्र्यासमोर तथागतांनी आनंदाला विचारले होते की, वज्जी लोक वारंवार एकत्र जमतात काय, एकोप्याने बसतात आणि एकोप्याने उठतात काय? जोवर ते असे करतात तोवर त्यांची हानी होणार नाही, असे तथागतांनी सांगितले. आपण वारंवार जमतो, यात शंका नाही. प्रश्न उठतानाचा आहे.

उद्यापासून काय करता येईल?

यासाठी निधी लागत नाही, वरून आदेशही लागत नाही. पुढच्या बैठकीला खुर्च्या भिंतीला लावा आणि सर्वांनी सतरंजीवर गोल बसा. विषय आधी छापू नका. दाराशी फळा ठेवा, आलेल्या प्रत्येकाला त्यावर विषय लिहिता येईल. ज्याला लिहिता येत नाही त्याचा विषय पोरांनी लिहावा. मग कोणता विषय आधी, हे हात वर करून ठरवा.

बैठक चालवणारा दर वेळी बदला. एकदा ताई, एकदा महाविद्यालयात शिकणारी मुलगी, एकदा रिक्षा चालवणारा दादा. त्याचे काम एवढेच की, सर्वांना पाळी मिळते का ते पाहणे, बोलून झालेल्याला थांबवणे, न बोललेल्याला विचारणे. बोललाच नाही म्हणून कुणाला दरडावू नये. पण तीनदा संधी दिल्याशिवाय ठराव मंजूर म्हणू नये. चालवणाऱ्याने स्वतःचे मत द्यायचे असेल तर सूत्र दुसऱ्याच्या हाती देऊन मगच द्यावे. आमदार आले, नगरसेवक आले तरी त्यांनी गोलातच बसावे आणि पाळी आल्यावर बोलावे. त्यांचा मान त्याने कमी होत नाही.

येऊ न शकणाऱ्यांचे मत आदल्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन लिहून आणा आणि सर्वांत आधी ते वाचा. पैशाचा किंवा माणसांच्या निवडीचा विषय असेल तर चिठ्ठ्या टाका, म्हणजे सासूसमोर सुनेला आणि भावासमोर भावाला खरे मत देता येईल. एकमत होत नसेल तर दोन्ही बाजूंची सारखी माणसे घेऊन लहान समिती नेमा आणि तिला तारीख द्या. शेवटी वहीत तीन गोष्टी लिहा: काय ठरले, कोण करणार, कधीपर्यंत. विरोधी मतही लिहा. पुढच्या बैठकीची सुरुवात हार घालून नको, तर ती वही वाचून करा.

पहिल्या दोन-तीन बैठका विस्कळीत होतील. कुणी रागावून जाईल, कुणी म्हणेल की, पूर्वीचेच बरे होते. पण चौथ्या बैठकीला कोपऱ्यात बसलेली ताई हात वर करून बोलेल. ज्या समाजाला सार्वजनिक पाणवठ्यावर ओंजळभर पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, त्याला आपल्याच विहारात बोलण्यासाठी कुणाची परवानगी लागू नये. संविधानाने मत देण्याचा हक्क पाच वर्षांतून एकदा पेटीपाशी दिला आहे. तो रोज सतरंजीवर वापरायला शिकणे आपल्या हाती आहे.

जयभीम!