हार्वर्डचें दार आणि शेंकडेवारीचा हिशेब

मार्च संपत आला कीं, अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाच्या उत्तराची वाट पाहणारीं घरें आज मुंबई-पुण्यांतही आढळतात. मुलाला संधि किती, या प्रश्नाचें उत्तर तेथें बहुधा एकाच आंकड्यांत शोधलें जातें: शंभर अर्जदारांतून तीन-चार घेतले जातात. आंकडा खोटा नाहीं. २०२४ सालच्या प्रवेशासाठीं सुमारें ५४,००० अर्ज आले आणि १,९०० हून अधिक जणांना होकार मिळाला. परंतु हें प्रमाण साऱ्या समूहाचें आहे. त्यांतील कोणा एकाचें नव्हे.

विद्यापीठाच्या प्रवेशपद्धतीविरुद्ध २०१४ सालीं दाखल झालेला खटला २०१८ सालीं बोस्टन येथें चालला, तेव्हां एरव्हीं कुलुपांत राहणारीं माहिती उजेडांत आली. २०१५ सालीं दाखल व्हावयाच्या तुकडीसाठीं सुमारें २६,००० अमेरिकन विद्यार्थ्यांनीं अर्ज केले होते. त्यांतील ८,००० हून अधिकांची शाळेंतील गुणसरासरी परिपूर्ण होती. सुमारें ३,४०० जणांना सॅट परीक्षेंत गणिताचे पैकींच्या पैकीं गुण होते. जागा होत्या सुमारें १,६००. ज्या गुणांवर आपल्याकडे पेढे वांटले जातात, ते तेथें केवळ दारापर्यंत नेऊन सोडतात. नकार आला म्हणजे मुलांतच कांहीं उणें होतें, असा निष्कर्ष घरांत फार लवकर निघतो. त्या आठ हजारांपैकीं बहुतेकांना नकारच मिळाला होता.

त्याच खटल्यांत दुसरीही गोष्ट निघाली. संघासाठीं निवडलेले खेळाडू, माजी विद्यार्थ्यांचीं मुलें, देणगीदारांशीं संबंध असलेले अर्जदार आणि प्राध्यापक-कर्मचाऱ्यांचीं मुलें मिळून अर्जदारांत शेंकडा पांचच्या आसपास. प्रवेश मिळालेल्यांत मात्र सुमारें शेंकडा तीस. म्हणजे उरलेल्या पंचाण्णवांच्या वांट्याला शंभरांतले सत्तरच होकार, आणि त्यांची खरी संधि छापील सरासरीहून सुमारें पाव हिश्शानें कमी. २०२३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें वंशाचा विचार करण्यास मनाई केली. ही सवलत त्या निकालानें गेली नाहीं.

कांहीं पालक मग अर्जांची संख्या वाढवितात. शेंकडा पांच संधीचीं दहा विद्यापीठें घेतलीं, तर एकांत तरी प्रवेश मिळण्याचा संभव शेंकडा चाळीस, असा त्यांचा हिशेब असतो. फासे टाकतांना तो बरोबर आहे. पण दहा विद्यापीठांपुढें जातो तो एकच मुलगा, त्याच गुणपत्रिकेसह, त्याच शिफारसपत्रांसह. एके ठिकाणीं जें फिकें वाटलें, तें दुसरीकडेही तसेंच वाटण्याचा संभव मोठा. म्हणूनच एकाला चार होकार येतात आणि त्याच्या वर्गमित्राला एकही नाहीं.

आणखी एक प्रश्न फार उशिरां विचारला जातो, तो पैशाचा. परदेशी विद्यार्थ्यानें आर्थिक साहाय्य मागितलें, तर हार्वर्ड निवडीच्या वेळीं तें विचारांत घेत नाहीं. अमेरिकेंतील बहुतेक विद्यापीठें घेतात. तेथें संधि अजमावतांना मुलाच्या गुणपत्रिकेशेजारीं घरची जमाखर्चाची वहीही उघडावी लागते, आणि तीही अर्ज धाडण्यापूर्वीं.