दहा आठवड्यांत वर्ष विकत घेणारे

काजूच्या पाकिटावर बारीक अक्षरांत ‘डब्ल्यू ३२०’ असं छापलेलं असतं. एका पौंडात, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅममध्ये, किती अख्खे काजूगर बसतात त्याची ही मोजणी आहे: तीनशे ते तीनशेवीस. ‘डब्ल्यू १८०’ हा त्याहून टपोरा माल, पौंडात १८०च्या आत बसणारा. मधे २१० आणि २४०, खाली ४५०. आकडा जेवढा लहान तेवढा काजू मोठा आणि भाव चढा. जगभर काजूची खरेदी-विक्री याच मोजणीवर चालते, आणि सिंधुदुर्गातल्या एखाद्या वाडीत, घराच्या मागच्या पडवीत चालणारा कारखानासुद्धा आपला माल याच आकड्यांत निवडतो.

असा कारखाना सुरू करायला काय लागतं, हे समजून घ्यायला लागलं की पहिल्यांदा यंत्रं दिसतात. मग माणसं दिसतात. आणि बऱ्याच उशिरा कळतं की या धंद्यातला सगळ्यांत महाग कच्चा माल म्हणजे वेळ. मला या उद्योगाचं जे अप्रूप वाटतं ते त्यासाठी.

सुरुवात बीपासून. काजूचं झाड मूळचं ईशान्य ब्राझीलचं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ते या किनाऱ्यावर आलं आणि कोकणाच्या जांभ्या मातीत असं रुजलं की परकं वाटेनासं झालं. आंबा आणि बिब्बा हे त्याचे नातेवाईक, एकाच कुळातले. बिब्ब्याचं तेल अंगाला लागलं की काय होतं ते जुन्या माणसांना सांगायला नको. काजूच्या टरफलातही तसंच जहाल, कातडी सोलून काढणारं तेल असतं, टरफलाच्या दोन थरांमध्ये मधाच्या पोळ्यासारख्या कप्प्यांत भरलेलं. बीला कुणी हात लावू नये म्हणून झाडाने केलेली ही तजवीज. काजूचा सगळा धंदा उभा आहे तो या तजविजीवर मात करण्यावर: तेल गराला लागू न देता, गर न मोडता, टरफल उघडायचं.

त्यासाठी आधी बी उन्हात दोन-तीन दिवस वाळवतात आणि गोणींत भरून ठेवतात. हवी तेवढी बाहेर काढून वाफेवर शिजवतात, मग रात्रभर तशीच पसरून थंड करतात. या विश्रांतीत टरफल ठिसूळ होतं. दुसऱ्या दिवशी कटिंग. पायाने पेडल दाबायचं, हाताने दांडा ओढायचा; गराच्या आकाराची दोन पाती टरफलात शिरतात आणि बी उकलते. हाताला तेल चोळलेलं असतं, नाहीतर संध्याकाळपर्यंत बोटं काळी पडून सोलवटतात. सुटलेला गर बोरम्यात, म्हणजे गरम हवेच्या कपाटात, सुमारे सत्तर अंशांवर सहा-आठ तास सुकतो. गर आकसतो, त्याच्यावरची तांबूस साल सैल होते आणि सोलणाऱ्या बायका ती अलगद काढतात. मग निवड: अख्खा, पाकळी, तुकडा, कणी.

आता एक हिशेब मांडून बघू. आकडे मी उदाहरणासाठी धरले आहेत. एक छोटं युनिट दिवसाला २०० किलो बी फोडतं. बी सरासरी सहा ग्रॅमची धरली तर त्या २०० किलोत तेहतीस हजारांवर बिया झाल्या. यातली प्रत्येक बी कुणाच्या तरी बोटांतून जाते. चार किलो बीतून साधारण एक किलो गर निघतो, म्हणजे संध्याकाळी हाती पन्नास किलो. यातला दर शेकडा दहा गर जास्त तुटला, तर पाच किलो माल अख्ख्यातून पाकळीत घसरला. दोन्हींच्या भावात किलोमागे शंभर रुपयांचा फरक मानला तर रोजचे पाचशे रुपये गेले, आणि वर्षाचे अडीचशे कामाचे दिवस धरले तर सव्वा लाख. पेडलवर बसलेल्या बाईच्या पायाचा अंदाज आणि मनगटाचा झटका यांची किंमत इतकी आहे. म्हणून जो मालक कटिंगवाल्या बायकांना नुसते मजूर समजतो त्याचा कारखाना वाढत नाही, असं मला ठामपणे वाटतं. आणि याच बायका पावसात लावणीला आपापल्या शेतात जातात. ज्याने वर्षाचं वेळापत्रक लावणी आणि चतुर्थी धरून आखलं, त्याचं यंत्र आषाढात रिकामं पडलं तरी त्याचं गणित कोलमडत नाही.

पण खरा पेच याच्या अलीकडे आहे. काजूची बी मार्च ते मे एवढ्याच काळात पडते. दहा-बारा आठवडे, मग पाऊस. कारखाना वर्षभर चालवायचा तर वर्षभराची बी या दहा आठवड्यांत विकत घ्यावी लागते. आपल्या उदाहरणातल्या युनिटला २०० किलोच्या हिशेबाने अडीचशे दिवसांचे पन्नास टन हवेत. किलोला १२० रुपये भाव धरला तर साठ लाख रुपये. म्हणजे यंत्रांचा खर्च बाजूलाच राहिला, एका उन्हाळ्यात साठ लाख गोणींमध्ये भरून ठेवायचे आणि ते वर्षभरात हळूहळू सोडवून घ्यायचे. साठा रोज थोडा कमी होत जातो, म्हणून सरासरी तीस लाख अडकून राहिले असं समजा. अकरा टक्क्यांनी त्याचं वर्षाचं व्याज तीन लाख तीस हजार. वर्षाचा गर साडेबारा हजार किलो. तेव्हा प्रत्येक किलो काजूगराच्या किमतीत सुमारे सव्वीस रुपये निव्वळ थांबण्याचे आहेत.

हे मला समजलं तेव्हा काजूच्या धंद्यातल्या कितीतरी गोष्टींचा उलगडा झाला. मेमध्ये बीचे भाव पडले असले तरी शेतकरी ती घरात न ठेवता का विकतो? कारण त्याच्याकडे थांबायला पैसा नसतो. थांबण्याची ऐपत ज्याच्याकडे, नफा त्याचा. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे आणि काजू बी तिच्यात बसते: माल गोदामात ठेवायचा, त्यावर सहा टक्के व्याजाने उचल घ्यायची आणि भाव सुधारला की विकायचं. कागदावर ही कर्जाची योजना आहे. प्रत्यक्षात ती शेतकऱ्याला सहा महिन्यांचा वेळ देते. कारखानदाराला हाच वेळ बँकेच्या कॅश क्रेडिटमधून मिळवावा लागतो. २०२० मध्ये केंद्राने सुरू केलेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत प्रकल्पखर्चावर ३५ टक्के, दहा लाखांपर्यंत, अनुदान मिळतं. त्यातून बॉयलर येतो, बोरमा येतो. गोणी मात्र त्यातून भरत नाहीत. यंत्राचा पैसा मिळवून हंगामाच्या पैशाची सोय न केलेलं युनिट ऑक्टोबरात, ऐन दिवाळीच्या मागणीत, बीवाचून बसतं.

एकट्या उद्योजकाच्या धाडसाची गोष्ट सांगताना आपण त्याच्या आधीची माणसं विसरतो. वेंगुर्ल्याला १९५७ मध्ये प्रादेशिक फळ संशोधन केंद्र सुरू झालं. आज ते डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी झाडं निवडली, संकर केले, मृदुकाष्ठ कलमाची पद्धत बसवली आणि वेंगुर्ला-१ पासून एकेक जात बाहेर काढली. गावठी झाडाची बी बहुधा चार ते सहा ग्रॅमची. वेंगुर्ला-४ ची पावणेआठ ग्रॅमच्या आसपास. वेंगुर्ला-७ ची दहा ग्रॅमची, आणि तिच्यात गराचं प्रमाणही तीस टक्क्यांवर.

हे आकडे कारखान्यात नेऊन बघा. सहा ग्रॅमच्या बीत दीड ग्रॅमचा गर. पौंडात तीनशेच्या आसपास बसतो, म्हणजे ‘डब्ल्यू ३२०’. दहा ग्रॅमच्या बीत तीन ग्रॅमचा गर. पौंडात दीडशे, म्हणजे सर्वांत वरची प्रत. शिवाय २०० किलोत बिया उरल्या वीस हजार. रोजची तेरा हजार पेडलं वाचली. एका शास्त्रज्ञाने बागेत केलेल्या संकराने पडवीतल्या बाईच्या गुडघ्यांचा भार हलका झाला आणि मालकाच्या मालाची प्रतही चढली, त्या दोघांनी त्या शास्त्रज्ञाला कधी पाहिलंही नसेल. मग १९९० मध्ये राज्याने रोजगार हमी योजनेला फळबाग लागवड जोडली आणि वेंगुर्ल्याची कलमं वरकस जमिनींवर, उघड्या डोंगरउतारांवर चढली. आजच्या कितीतरी कारखान्यांची बी त्या लागवडीतून येते.

कारखाना उभा राहिल्यावर वाढतो कसा? सगळा माल घाऊक व्यापाऱ्याला दिला तर पैसा उधारीत अडकतो, म्हणजे पुन्हा वेळच विकत घ्यावा लागतो. तोच गर खारवून, मसाला लावून मालवणच्या पेठेत किंवा कुडाळच्या स्टेशनरस्त्यावर पाकिटात विकला तर रोख मिळते. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली, पर्यटक आणि चाकरमानी वाढले, आणि गिऱ्हाईक दारात आलं. टरफल बॉयलरमध्ये जळतं किंवा तेलगिरणीला जातं. बिब्ब्याच्या जातीचं ते जहाल तेल रंगांत आणि गाड्यांच्या ब्रेक लायनिंगमध्ये लागतं. काही कारखानदार आणखी पुढे जातात. टांझानियाचा हंगाम ऑक्टोबरनंतर सुरू होतो, कोकणातली बी संपत आली की तिथली येते, आणि वर्षाचा साठा दोन वेळा थोडा थोडा करता येतो. साठा अर्धा झाला की व्याजही अर्ध्यावर येतं.

एवढं सगळं बीचं. बोंडू, म्हणजे काजूचं रसाळ फळ, अजून बागेतच पडलेला आहे. वजनाने बीच्या कितीतरी पट, क जीवनसत्त्वाने भरलेला, घसा खवखवणारा आणि एका दिवसात आंबायला लागणारा. पत्रादेवीची सीमा ओलांडली की गोव्यात त्याची फेणी होते, २००९ पासून तिला भौगोलिक मानांकनही आहे. सीमेच्या अलीकडे, सिंधुदुर्गात, त्यातला बराचसा झाडाखाली कुजतो. सिरप करण्याची पद्धत कृषी विद्यापीठाकडे तयार आहे. अडचण पुन्हा वेळेचीच, फक्त उलटी: बी वर्षभर थांबते, बोंडू संध्याकाळपर्यंतही थांबत नाही. म्हणून त्याचा रस काढणारं युनिट बागेच्या बांधावरच हवं, लहान हवं, आणि ते काजूवर दहा आठवडेच चालेल. उरलेल्या दिवसांसाठी त्याच गाळणीला आणि त्याच बाटल्यांना दुसरं काम शोधावं लागेल. कोकम एप्रिल-मेमध्ये पिकतं, करवंदं मेमध्ये, जांभूळ त्याला लागूनच, आणि आवळा थंडीत. ही फळं एकाच तालुक्यात, काही काजूच्या उतरत्या हंगामात तर काही त्यामागून येतात. त्यांचं वेळापत्रक एका यंत्रावर बसवून दाखवणाऱ्याला सिंधुदुर्गात जागा मोकळी आहे.