रिमोट चालत नाही? आधी सेल बघा

रिमोटने गाडी उघडत नाही म्हणून लगेच नवी चावी करायला धावू नका. बऱ्याच रिमोटमध्ये सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा बटण सेल असतो, आणि बहुतेक वेळा तोच संपलेला असतो. कव्हर खाचेतून अलगद उघडा, जुन्या सेलवरचा नंबर वाचून तोच आणा.

माझ्या रिमोटचा सेल मात्र मल्टिमीटरवर ठणठणीत होता. सेलखालच्या पत्र्याच्या पट्टीवर हिरवट थर चढला होता! आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने तो पुसला आणि पहिल्याच दाबात इंडिकेटर लुकलुकले. फार आनंद झाला.

पुश बटणाच्या अनेक गाड्या सेल संपला तरी सुरू होतात. ब्रेक दाबून रिमोट बटणाला टेकवा आणि बटण दाबा. कारण रिमोटमधल्या इमोबिलायझरच्या (चोरीरोधक यंत्रणेच्या) चिपला सेल लागत नाही.

जुना सेल लहान मुलांपासून दूर ठेवा. गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते.